फेल्डस्पार तपासायला भोपाळला

गुलाबी दिसला म्हणून मी एका दगडाला पोटॅश फेल्डस्पार म्हटलं, ही माझी पहिली चूक. ती कोणाच्याही हातून झाली असती. दुसरी मात्र माझी एकट्याची. दगड चुकलाय हे कळल्यावर मी चौकशीला बसलेल्या मंडळींना सांगितलं, "नमुन्यांच्या पिशव्यांची अदलाबदल झाली असावी." पिशव्यांवर आकडे घालण्याचं काम माझ्या हाताखालच्या दिनकर घाटेचं होतं. त्याचं नाव मी तोंडातून काढलं नाही. काढायची गरजच नव्हती.

प्रवासाची हकीकत अशी सुरू करू नये हे मला समजतं. पण भोपाळचे तलाव, तिथली माणसं आणि तिथला चहा यांच्याबद्दल मला जे सांगायचं आहे, ते या गोष्टीशिवाय सांगता येणार नाही. म्हणून आधी हे.

आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत रीत अशी होती की ज्येष्ठाने दगड हातात घ्यायचा, फोडायचा आणि नाव सांगायचं. कनिष्ठाने पिशवीवर आकडा घालायचा आणि त्या आकड्यापुढे ते नाव लिहायचं. त्यामुळे निकाल चुकला तर दोनच शक्यता उरत. एक तर नाव चुकलं, नाही तर आकडा. त्या खेपेचा दगड विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर करणाऱ्या एका कारखान्यात गेला. इन्सुलेटरच्या मातीत पोटॅश फेल्डस्पार लागतो. तो भट्टीत वितळला तरी घट्ट, चिकट राहतो आणि भांड्याचा आकार धरून ठेवतो. सोड्याचा फेल्डस्पार लवकर पातळ होतो. मी पोटॅशचा म्हणून पाठवलेला दगड सोड्याचा होता. भट्टी उघडली तेव्हा आतला सगळा माल उन्हात ठेवलेल्या मेणबत्त्यांसारखा वाकला होता.

तक्रार आली त्याच आठवड्यात मी उरलेला तुकडा फोडून पाहिला आणि मला कळलं. कळूनही मी पिशव्यांचं बोललो. दिनकरला शिक्षा झाली नाही. फक्त त्यानंतर त्याच्या हातात कोणी पिशवी देईना. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, आणि ज्यांना जायचं त्यांनी नावं द्यावीत असं सांगण्यात आलं. नागपूर सोडायला कोणी तयार नव्हतं. दिनकरने मात्र पहिल्याच दिवशी नाव दिलं.

काही वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, भोपाळच्या प्रयोगशाळेकडून मला बोलावणं आलं. भोपाळजवळ विजेच्या यंत्रांचा मोठा कारखाना उभा राहतो आहे. त्याला इन्सुलेटर लागणार, आणि इन्सुलेटरना फेल्डस्पार. छिंदवाड्याकडच्या डोंगरातला एक पांढरा फेल्डस्पार तिथल्या एका अधिकाऱ्याने पोटॅशचा ठरवला होता. पण त्या अधिकाऱ्याच्या एकट्याच्या निकालावर भिस्त ठेवायची नाही असा तिथला दंडक असल्याने बाहेरचा जाणकार हवा होता. अधिकाऱ्याचं नाव दिनकर घाटे.

घरी मी सांगितलं, सरकारी काम आहे.

पांढुर्णा ते नर्मदा

गाडीचं वर्णन करत नाही, पण पांढुर्ण्याचं सांगायला हवं. आता तिथून दुसरं राज्य लागतं. नागपूर मुंबईकडे गेलं, पांढुर्णा भोपाळकडे. मी कुतूहलाने खिडकीबाहेर पाहत होतो, जणू जमिनीचा रंग बदलणार होता. फलाटावर एक बाई संत्री विकत होती. "घ्या ना भाऊ, मीठे हायत," म्हणाली. काटोलची बाई हेच वाक्य थोडं कमी हिंदीत म्हणाली असती आणि बैतुलची थोडं जास्त.

मला आमचे फेल्डस्पार आठवले. या घराण्याचे तीन मूळपुरुष. एकात पोटॅश, एकात सोडा, एकात चुना. बाकीचा सांगाडा तिघांचाही सारखाच, वाळूतलं सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा. पोटॅश आणि चुना यांचं आपसात जमत नाही. पण सोड्यापासून चुन्यापर्यंत सलग ओळ लागते. सोडा थोडा थोडा कमी होतो, चुना थोडा थोडा वाढतो. या ओळीला प्लॅजिओक्लेज म्हणतात. आम्ही तिचे सहा तुकडे केले आणि अल्बाइट, ऑलिगोक्लेज, लॅब्रॅडोराइट अशी नावं दिली. अल्बाइट कुठे संपतो आणि ऑलिगोक्लेज कुठे सुरू होतो, ती रेघ दगडात नसते. ती आम्ही टेबलाशी बसून आखलेली. रेघ हवीच, नाही तर काम चालणार नाही. पण संत्री विकणाऱ्या बाईला ती जशी दिसत नव्हती, तशी दगडालाही माहीत नसते.

होशंगाबादला नर्मदा आली. डब्यातले सगळे उठून उभे राहिले, पैसे टाकू लागले. आपल्याकडे गोदावरीला हात जोडतात, पण इथे एक म्हातारे गृहस्थ नर्मदेशी चक्क बोलत होते. मुलीचं लग्न ठरल्याची बातमी त्यांनी तिला दिली, मग खाली बसून उरलेली पुरी खाल्ली. मला त्यांचा हेवा वाटला. ज्याला जे सांगायचं ते असं सरळ उभं राहून सांगता यावं.

भोपाळ

स्टेशनबाहेर टांगे उभे होते. "को खाँ, किधर चलना है?" एका टांगेवाल्याने विचारलं. हे 'खाँ' इथे प्रत्येकाला लावतात, मग तो माझ्यासारखा बर्वे का असेना. मी पत्ता सांगितला. त्याने भाडं सांगितलं आणि लगेच म्हणाला की साहेबांना जास्त वाटत असेल तर साहेबांनी पायी यावं, तो घोड्याला घेऊन बरोबर गप्पा मारत चालेल, त्याचं काही बिघडत नाही. मी बसलो.

भोपाळ म्हणजे पाणी आणि चढउतार. रस्ता एखाद्या टेकडीवर चढतो आणि समोर एकदम तलाव पसरलेला दिसतो, इतका मोठा की पलीकडचा काठ धुक्यात जातो. आमच्या नागपूरकरांना तलाव माहीत आहेत, पण आमचे तलाव शहराच्या कडेला गुपचूप असतात. इथे शहरच तलावाच्या कडेला बसलं आहे. जुन्या शहरात बोळ, जरीचे बटवे विकणारी दुकानं, मशिदींचे मिनार. नव्या बाजूला राजधानीसाठी बांधकाम चालू. चुना, विटा, अर्ध्या भिंती, आणि त्यांच्यामधून सायकलवर डबे लावून ऑफिसला चाललेले नागपूरचे, जबलपूरचे, ग्वाल्हेरचे कारकून.

सकाळी पोहे आणि जिलबी. एकत्र. मी प्रथम पोहे संपवून मग जिलबी खायला घेतली, तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे दयेने पाहिलं. चहात चिमूटभर मीठ घालतात. पहिला घोट मी जवळपास थुंकलो, दुसरा कुतूहलाने घेतला, आणि परत येईपर्यंत मला बिनमिठाचा चहा फिका वाटू लागला. नागपूरला सौभाग्यवतींनी मात्र तो प्रयोग एकदाच करू दिला.

फजितीही झाली. जुन्या तटबंदीचा एक दगड मला छान दिसला. लालसर वालुकाश्म, विंध्याचा. वालुकाश्मात बहुतेक गारच, म्हणजे क्वार्ट्झच, असते, कारण गार झिजत नाही. फेल्डस्पार पावसापाण्याने कुजून त्याची पांढरी माती होते. तरी एखाददुसरा दाणा टिकलाय का पाहावं म्हणून मी खिशातली हातोडी काढून हळूच एक ठोका दिला. समोरचा पानवाला दुकानातून उतरून आला.

"मियाँ, हमारे दादा के दादा के वक़्त से खड़ी है," तो अदबीने म्हणाला. "आप नाश्ते से पहले ही गिरा देंगे?"

मी माफी मागितली. त्याने ती स्वीकारली आणि पान बांधून दिलं. परक्या माणसाची माफी मागणं किती सोपं असतं, हे पान चघळत चालताना माझ्या लक्षात आलं.

लवंगेचा वास

प्रयोगशाळेचे प्रमुख मिश्रासाहेब. उंच, सडपातळ, बोलताना डोळे मिटणारे. त्यांनी माझं फार आदराने स्वागत केलं. दिनकर मागे उभा होता. तो वाळला होता आणि कानांवरचे केस पिकले होते. त्याने वाकून नमस्कार केला.

"प्रवास ठीक झाला ना साहेब? आमच्याकडेच उतरायचं होतंत. हॉटेलचं खाना तुम्हाला सोसणार नाही."

"खाना," मी म्हटलं. "भोपाळी झालास की."

तो हसला. म्हणाला की मुलगी तर झोपेतही हिंदी बोलते. आई रागावली की मराठीत उत्तर देते, म्हणजे राग लवकर जातो.

मग आम्ही कामाला बसलो आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. दगड हातात आला की माझा जीव थाऱ्यावर येतो. दिनकरने पांढरे तुकडे समोर ठेवले. मी चाकू ओढला, ओरखडा उठला नाही. तुकडा काचेवर ओढला, काचेवर चरा पडला. गारेच्या टोकाने मात्र दगडावर ओरखडा उठला. म्हणजे चाकूपेक्षा कठीण, गारेपेक्षा मऊ. फेल्डस्पार इथेच बसतो. मग हातोडी. गार फुटली तर बाटलीच्या काचेसारखी वेडीवाकडी फुटते. फेल्डस्पार पायऱ्यांसारखा फुटतो. दोन दिशांनी सपाट, चकचकीत पृष्ठभाग निघतात, आणि दोन्ही दिशा एकमेकींना जवळजवळ काटकोनात असतात.

इथपर्यंत सगळे भाऊ सारखे. भाऊ वेगळे ओळखायचे तर ताज्या फुटीचा तुकडा उजेडात हळूहळू फिरवायचा. प्लॅजिओक्लेज असेल तर एका सपाटीवर केसासारख्या बारीक, एकमेकींना समांतर रेषा चमकून जातात, वहीच्या पानावरच्या ओळींसारख्या. पोटॅशच्या दगडावर त्या नसतात. रंगाला काही अर्थ नाही. लोखंडाच्या गंजाची धूळ आत अडकली की कुठलाही फेल्डस्पार गुलाबी होतो. हे मी पोरांना शिकवत आलो होतो. पण माझ्या मुलखात वीस वर्षं जेवढे गुलाबी पाहिले तेवढे सगळे पोटॅशचेच निघाले होते. त्यामुळे त्या दिवशी मी गुलाबी तुकडा फोडलाच नाही. वरच्या गंजक्या बाजूकडे बघून नाव सांगून टाकलं.

हा पांढरा तुकडा मी फोडला. फिरवला. रेषा नव्हत्या.

दिनकरने दगडाची पूड करून काचपट्टीवर लवंगेच्या तेलाचा थेंब टाकला. सगळ्या खोलीत दातदुखीवरच्या औषधासारखा वास पसरला. लवंगेच्या तेलात प्रकाश जितका वाकतो त्याहून पोटॅश फेल्डस्पारमध्ये कमी वाकतो, आणि सोड्याच्या बाजूच्या ऑलिगोक्लेजमध्ये जास्त. सूक्ष्मदर्शकाची नळी वर उचलली की कणाच्या कडेची उजळ रेघ सरकते. ती बाहेर तेलाकडे गेली तर पोटॅश, आत कणाकडे गेली तर ऑलिगोक्लेज. मी नळी उचलली. रेघ शांतपणे बाहेर गेली. दगडाची पातळ चकती पाहिली, तर ध्रुवित उजेडात चौकड्यांच्या लुगड्यासारखी उभी-आडवी वीण. मायक्रोक्लाइन. पोटॅशचाच, अगदी उत्तम.

दिनकरचा निकाल शंभर टक्के बरोबर होता. मी तसं म्हणालो. त्याला आनंद झाला नाही. त्याने पिशवी उचलली, आकडा मोठ्याने वाचला, चिठ्ठीवरचा आकडा वाचला, मग आतल्या तुकड्यावर शाईने घातलेला वाचला. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला बोलावून त्यालाही वाचायला लावला. कारकुनाने तो कंटाळून वाचला. हे रोजचं असावं.

भोजपूर

रविवारी दिनकर आणि त्याची पत्नी सुमनवहिनी मला भोजपूरला घेऊन गेली. मुलीला शेजारी ठेवलं होतं. बसने आणि मग पायी. तिथे टेकडीच्या कड्यावर शिवाचं अपुरं राहिलेलं देऊळ आहे. मी पुष्कळ देवळं पाहिली आहेत, पण आत गेल्यावर मान वर करून पिंडीकडे बघावं लागतं असं हे पहिलंच. भोवतालच्या खडकावर कारागिरांनी खांबांची, कमानींची चित्रं कोरून ठेवली आहेत. आधी खडकावर रेघ मारायची, मग त्याप्रमाणे दगड घडवायचा. शेकडो वर्षं झाली, रेघा अजून दिसतात. बांधायचं राहून गेलं.

आम्ही बेतवा नदीच्या काठी जेवलो. वहिनींनी ज्वारीची भाकरी, झुणका आणि लाल मिरचीचा ठेचा आणला होता. भोपाळात ज्वारी चांगली मिळते, पण भाकरी थापणारी बाई शेजारणींना जादूगार वाटते, असं त्या सांगत होत्या. बाजारातल्या भाजीवाल्याला 'आलू' म्हटलं नाही तर बटाटा मिळत नाही. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. घर रुजलं होतं.

जेवण झाल्यावर दिनकर नदीच्या पात्रातून काळ्या दगडाचा एक गोटा माझ्यासाठी घेऊन आला. बेसॉल्ट, आपल्या दख्खनचाच. ओला होता म्हणून त्यात बारीक काड्यांसारखे चमकणारे कण दिसत होते. तेही फेल्डस्पारच, चुन्याच्या बाजूचे लॅब्रॅडोराइट. आम्ही दोघं एकाच भिंगातून आळीपाळीने बघत बसलो, जुन्या दिवसांसारखे. मग त्याने खिशातून शाईची पेन्सिल काढली, गोट्यावर आकडा घातला आणि वहिनींसमोर धरला.

"किती?"

"सात," वहिनी म्हणाल्या.

"पुन्हा वाच."

"सातच आहे हो."

एकुलता एक गोटा. त्याची कोणाशी अदलाबदल होणार? मी विचारलंही. तो ओशाळला आणि पाणी आणायच्या निमित्ताने खाली उतरला.

वहिनींनी तो पुरेसा दूर गेल्याची खात्री करून घेतली. मग त्या भराभर बोलू लागल्या. घराला कुलूप लावलं की हे अर्ध्या रस्त्यातून परत फिरतात. मुलीच्या औषधाची बाटली दोघांनी वाचल्याशिवाय चमचा भरायचा नाही. साखरेच्या डब्यावर साखर आणि मिठाच्या डब्यावर मीठ लिहिलंय, तरी चाखून बघतात. सुरुवातीला त्या हसायच्या, आता हसत नाहीत. नागपूरला त्या पिशव्यांचं झालं तेव्हापासून हे आहे. आपण बदलल्या नाहीत असं त्यांना आधी पक्कं वाटत होतं. पण बर्वेसाहेबांसारखा माणूस म्हणतो म्हणजे बदलल्याच असतील, असं म्हणून म्हणून त्यांनी स्वतःला पटवलं. आता आपल्या हाताने काय केलं ते आपल्याला आठवत नाही, अशीच त्यांची समजूत झाली आहे.

"भाऊजी, ते तुम्हाला देवासारखं मानतात," वहिनींनी हात जोडले. "तुम्ही एकदा सांगा ना त्यांना. म्हणावं, माणसाच्या हातून एखादी चूक होते, आता सोड ती. तुमचं ऐकतील."

मी "सांगतो" म्हणालो. त्या बाईने आग्रहाने वाढलेली भाकरी माझ्या पोटात होती आणि मी "सांगतो" म्हणालो. दिनकर पाणी घेऊन वर येत होता. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. उलट मी बसची चौकशी केली.

परतीचा दिवस

दुसऱ्या दिवशी दुपारनंतरची गाडी होती. सकाळी प्रयोगशाळेत मिश्रासाहेबांनी चहा मागवला, मिठाचाच. ते खूष होते. फेल्डस्पार चांगला, खाण आपल्याच राज्यातली, कारखान्याला हवा तसा. आता फक्त अहवाल वर जायचा होता, आणि त्यांनी डोळे मिटून मला सुचवलं की निर्णय माझ्या नावाने जावा. घाटेंनी काम केलं, हे बरोबर. पण वरची माणसं नाव बघतात. "घाटे भले आदमी हैं," ते म्हणाले, "मगर वो थैलियों वाला क़िस्सा नागपुर से साथ आया है।"

दिनकर तिथेच काचपट्ट्या पुसत होता. हे सगळं त्याच्या देखत बोलणं त्यांना काही विशेष वाटलं नाही, आणि त्यालाही वाटलं नसावं. तो पुसत राहिला.

मी येताना गाडीत एक वाक्य तयार केलं होतं. त्या वेळी थोडा गैरसमज झाला होता, असं काहीसं. त्यात कोणीच काही केलेलं नव्हतं. ते वाक्य तोंडाशी आलं, आणि मला त्याची किळस आली. दगडाचं नाव सांगताना मी कधी 'थोडासा पोटॅश' म्हटलेलं नाही.

मी मिश्रासाहेबांना हिंदीत सांगितलं. माझी हिंदी नागपुरी आहे, पण त्या दिवशी ती कुठे अडखळली नाही. मी म्हटलं की थैल्या बदलल्या नव्हत्या. दगड मी न फोडता ओळखला आणि चुकीचा ओळखला. नंतर फोडून पाहिला तेव्हा त्यावर रेषा होत्या, लवंगेच्या तेलात रेघ आत गेली, तो ऑलिगोक्लेज होता. घाटेचा आकडा बरोबर होता. मला स्वतःचं नाव वाचवायचं होतं म्हणून मी थैल्यांचा किस्सा रचला. हे मी नागपूरच्या ऑफिसलाही माझ्या सहीने कळवणार आहे. आणि या फेल्डस्पारचा निर्णय ज्याने केला त्याच्याच नावाने जावा. माझं नाव हवंच असेल तर खाली घाला, तपासून बरोबर आढळला म्हणून.

मिश्रासाहेबांचे डोळे उघडे होते. मग म्हणाले, "बर्वे साहब, ये आपको यहाँ आकर नहीं, वहीं बोलना था।" एवढंच. ते उठून बाहेर गेले. आमच्या दोघांसाठी गेले असावेत, असं मला वाटतं.

दिनकरने हातातली काचपट्टी खाली ठेवली. आकडा न वाचता ठेवली.

"तुम्हाला कधी कळलं साहेब?"

"तक्रार आली त्याच आठवड्यात."

"म्हणजे चौकशीच्या आधी."

"हो."

त्याने मान हलवली, जशी दगडाचं नाव ऐकून हलवायचा. मग टोपी घेतली आणि घरी निघून गेला, ऑफिस सुटलेलं नसताना. त्या माणसाने अशी रजा कधी घेतली नसेल.

मी टांगा करून त्याच्या क्वार्टरवर गेलो. गाडीला वेळ होता, पण नसता तरी गेलो असतो. नव्या क्वार्टरांची रांग, प्रत्येकाच्या दारात अजून बांधकामाची खडी पडलेली. दार वहिनींनी उघडलं. त्यांना सगळं कळलं होतं. दिनकर आतल्या खोलीच्या उंबऱ्यात बसला होता, पायांत अजून बूट. मुलगी त्याच्या पाठीला टेकून काहीतरी हिंदी गाणं गुणगुणत होती. वहिनींनी तिला शेजारी पाठवून दिलं.

मला बसा म्हणाल्या नाहीत. बरोबरच होतं.

"काल मी तुमच्यापुढे हात जोडले," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "यांच्या चुकीसाठी. आणि तुम्ही जोडू दिलेत."

मी दिनकरकडे वळलो. तो माझ्याकडे पाहत नव्हता. स्वतःच्या हाताकडे पाहत होता, पालथा करून, सुलटा करून, जणू कोणी परत आणून दिलेली वस्तू आपलीच आहे ना हे तपासतोय.

"एकदा नीट सांगा," तो म्हणाला. "हिंदीत सांगितलंत ते ऐकलं. आपल्या भाषेत सांगा. हिच्या समोर."

मी चपला दाराबाहेर काढल्या आणि आत जाऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. वयाने आणि हुद्द्याने मोठा असल्यामुळे इतकी वर्षं मी त्याच्यापुढे कधी खाली बसलो नव्हतो.

"दिनकर, पिशव्या तू बदलल्या नव्हत्यास. एकही नाही, कधीच नाही. आकडा बरोबर होता, तुझा हात बरोबर होता, तुला जे आठवत होतं तेही बरोबर होतं. दगड मी चुकलो. ते कळल्यावर तुला पुढे केलं आणि गप्प राहिलो. तू नागपूर सोडून आलास तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. वहिनी, काल तुम्हीही माझ्यामुळे हात जोडलेत. मी तुमचा दोघांचा अपराधी आहे. मला माफ करा."